काटेरी झुडूप हो म्हणण्याआधी

अगं, ग्रामसंघाच्या बायका तुला अध्यक्ष करायला निघाल्यात आणि तुझ्या पोटात गोळा आलाय, हे तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस. गोळा आला याचंही मला बरंच वाटलं. गावातल्या सगळ्या बचत गटांचा पैसा आपल्या सहीने फिरणार हे कळल्यावर जिला काहीच वाटत नाही, तिच्या हातात मी माझं पासबुक दिलं नसतं.

तू कारणं सांगितलीस. शिक्षण दहावीपर्यंत. चार माणसांत बोलायला उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते. गावात आपली ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा ‘ह्यांची बाई आमच्यावर कशाला’ म्हणून कुणीतरी नाक मुरडणारच. शिवाय सासूबाईंचं दुखणं आहे, शेतातली कामं आहेत. हे सगळं खरं आहे, म्हणून मी मधे बोलले नाही. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “ताई, देवानं मला असल्या कामासाठी केलेलंच नाही.” तिथे मात्र मी अडले. हे तुला कुणी सांगितलं? भीती वाटते म्हण, वेळ नाही म्हण, मी ऐकून घेईन. देवाच्या नावावर ते टाकू नकोस, एवढंच माझं सांगणं आहे, आणि आज सगळं त्याचसाठी लिहितेय.

असं कुणी मागे सरलं की आपल्याकडे उपदेशात मोशे येतो. जळतं झुडूप, जड जीभ, आणि शेवटी ‘दुसऱ्या कुणाला तरी पाठव’ ही विनवणी. पण मोशे राजवाड्यात वाढलेला. मला तुझ्यासाठी गिदोन जवळचा वाटतो. शास्ते पुस्तकाचे सहा ते नऊ अध्याय आज रात्री भांडी आवरल्यावर वाच. संडे स्कूलमध्ये आपल्याला त्यातलं मधलंच शिकवलं होतं: तीनशे माणसं, रिकामी मडकी, मशाली, शिंगं आणि पळत सुटलेले मिद्यानी. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कुणी नीट उलगडून सांगितलं नाही. तुझ्या कामाचं बरंचसं तिथेच आहे.

सात वर्षं अशी गेली होती की इस्राएल लोकांनी पेरायचं आणि पीक उभं राहिलं की मिद्यानी उंटांवरून येऊन सगळं ओरबाडून न्यायचं. मेंढरू नाही, बैल नाही, गाढव नाही, मागे काही ठेवायचे नाहीत. लोक डोंगरातल्या गुहांत राहायला लागले होते. अशा दिवसांत गिदोन गहू झोडत होता, आणि तोही द्राक्षकुंडात.

आजोबांचं खळं तुला आठवत असेल. उंचवट्यावर, मोकळ्या जागी, शेणाने सारवलेलं. आजोबा वावडीवर उभे राहायचे, भरलेली पाटी डोक्याच्याही वर धरून हळूहळू कलती करायचे. धान्य सरळ खाली पडायचं आणि भूस वाऱ्याबरोबर पलीकडे जाऊन साचायचं. वारा पडला की सगळ्यांनी हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं, कारण वाऱ्याशिवाय उफणणी होत नाही. आता द्राक्षकुंड डोळ्यांपुढे आण. खडकात खोदलेला खड्डा, आत उतरून पायांनी द्राक्षं तुडवायचा. तिथे वारा कुठला? भूस सगळं नाकातोंडात. आवाज होऊ नये म्हणून हलक्या हाताने झोडायचं, आणि दर दोन काठ्यांनी मान वर करून कुणी येतंय का बघायचं. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला द्राक्षं ठाऊक आहेत आणि खळंही ठाऊक आहे, म्हणून आपल्याला त्या माणसाची तारांबळ लगेच कळते.

त्या खड्ड्यात परमेश्वराचा दूत त्याला गाठतो आणि पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो. पुष्कळजण हे वाचताना हसतात. मला हसू येत नाही. धाड कधीही पडेल अशा दिवसांत हा माणूस घरच्यांच्या तोंडात दोन घास पडावेत म्हणून घाबरत घाबरत का होईना, काम करत होता. मला वाटतं देवाने तेच पाहिलं.

आपल्या आईला आठव. टेंभुर्णीची पानं भिजवून ठेवायची, पत्र्याच्या मापावर एकेक पान कातरायचं, आणि मग कंदिलाशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचं. सिन्नरमध्ये अशा किती आया होत्या. सकाळी विड्या द्यायला गेली की मोजणारा त्यातल्या काही वाईट म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळायचे नाहीत आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. ती घरी येऊन म्हणायची, देव बघतो ना, मग हे कसं चालतं? आणि तेच बोलून झाल्यावर जेवणाआधी प्रार्थना करायची. गिदोनानेही नेमकं हेच विचारलं. देव आमच्याबरोबर आहे तर आमच्यावर ही पाळी का आली? बापजाद्यांनी सांगितलेली ती मोठमोठी कृत्यं कुठे गेली? या प्रश्नावर देव रागावला नाही, आणि त्याने त्याचं उत्तरही दिलं नाही. आहे तेवढ्या बळाने जा, मीच तुला पाठवतोय, एवढंच सांगितलं. इतकी वर्षं मी तो भाग वाचतेय आणि प्रत्येक वेळी तिथे थांबते. आधी बळ गोळा कर, मग जा, असं तिथे म्हटलेलं नाही.

मग गिदोन तुझंच कारण पुढे करतो. माझं कुळ मनश्शेत सगळ्यांत दुबळं, आणि घरात मी सगळ्यांत धाकटा.

तुझ्या दहावीच्या कारणाला माझ्याकडे आपल्याच मातीतलं उत्तर आहे. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली एक मुलगी जन्मली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. वडील सोवळ्याने इतके पछाडलेले की बाजारातून आलेलं मीठ-साखरसुद्धा धुवायला लावायचे. लहानपणीच लग्न झालं, आणि अक्षरओळख झाली ती सासरी, नवऱ्याकडून. तीच लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ही बाई त्यांच्यामागे गेली नाही. रडली, संतापली, मुलाला घेऊन वेगळी राहिली. नवऱ्याचा देव तिने नवऱ्याचा म्हणून घेतला नाही. पाच वर्षं लागली तिला. जातीपातीचा, विटाळाचा प्रश्न तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि मग १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला.

मला मात्र तिचं त्यापुढचं काम जास्त मोठं वाटतं. टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर थांबलं होतं. नवरा महाराष्ट्रभर गाजलेला कवी, आणि ही शाळा न पाहिलेली विधवा. तिने ते हातात घेतलं आणि चौसष्ट अध्याय लिहिले. शेवटचा हात मुलाने, देवदत्तांनी फिरवला. शिवाय १९३४ पासून तिची ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत निघाली, आणि आज मराठीतल्या उत्तमोत्तम आत्मचरित्रांत ते पुस्तक पहिल्या रांगेत बसतं, तेही बोलल्यासारख्या साध्या भाषेमुळे. २४ फेब्रुवारी १९३६ ला ती नाशिकलाच गेली. तुझ्या गटातल्या त्या पोरीकडे, लायब्ररीत जाते ती, पुस्तक असेल. मागून घे. तुझ्या बोलण्याला तू गावंढळ म्हणतेस ना, मग त्या बाईचं बोलणं वाच.

आणि ‘आमची घरं मोजकीच’ म्हणतेस, तर नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण किती वेळा गेलोय. विल्यम प्राइस नावाच्या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास शरणपूर वसवलं. अरबी गुलाम-व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला ठेवत. आई कुठे, बाप कुठे, ठाऊक नाही, भाषा परकी, गाव परकं. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याच्यासोबतच्या लोकांत हा होता. ज्या झाडाखाली लिव्हिंग्स्टनचं काळीज पुरलं, तिथे प्रार्थना याने वाचली आणि झाडावर नावही याने कोरलं. मग सगळ्यांनी मिळून ते शरीर महिनोन्महिने चालत समुद्राकाठी आणलं. पुढे लंडनपर्यंत जेकब त्या पेटीबरोबर गेला, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पेटीला हात लावून चालणाऱ्यांत तो होता. नाशिकला शिकलेला, गुलामीतून सुटलेला मुलगा. त्याच्यापेक्षा मोजकं घर कुणाचं असणार?

बरं, आता गिदोनाला पहिलं काम काय मिळालं ते बघ. लढाई नंतर आली. आधी सांगितलं, बापाच्या दारातली बआलाची वेदी पाड. म्हणजे सुरुवात घरापासून. आणि गिदोनाने ते केलं, पण रात्री केलं, दहा गडी बरोबर घेऊन, कारण घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती वाटत होती. शास्त्रात हे स्पष्ट लिहिलंय, लपवलेलं नाही. रात्री केलं म्हणून देवाने ते काम कमी धरलं नाही. सकाळी गाव चिडून दारात आलं तेव्हा बाप योवाश मुलाच्या बाजूने उभा राहिला. ज्याची वेदी होती तोच! म्हणाला, बआल देव असेल तर तो आपलं आपण बघून घेईल.

तुझ्या घरातही एक वेदी आहे, आणि ती कोणती ते तुला ठाऊक आहे. गटाची बैठक असली की तुझा नवरा दाराशी खुर्ची टाकून बसतो आणि तू बोलायच्या आधी बोलतो. माणूस वाईट नाही, मला तो आवडतो. पण अध्यक्ष तू असशील तर बैठकीत तो नको. हे त्याला चारचौघांत सांगू नकोस. रात्री सांग, जेवणं झाल्यावर, सासूबाई जाग्या असताना सांग. मला उगीच वाटतं की त्या तुझ्या बाजूने बोलतील. त्यांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्याने बोललेलं ऐकलंय.

लोकरीची गोष्ट तू मला विचारलीस, की आपणही तशी खूण मागावी का. गिदोनाने खळ्यावर लोकर ठेवली. पहिल्या रात्री लोकर दवाने ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलट. लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. आपल्याकडे थंडीत हरभऱ्यावर आंब धरायला रात्री धुतलेलं फडकं पसरतात आणि पहाटे उन्हं यायच्या आत पिळून घेतात, अगदी तसंच. म्हणून मला त्या गोष्टीत चमत्काराइतकाच त्या माणसाचा पहाटेचा जीव दिसतो, गार बोटांनी लोकर पिळणारा. पण एक ध्यानात घे. काय करायचं ते त्याला आधीच सांगून झालं होतं. खूण मागितली ती धीर यावा म्हणून. देवाने दोनदा ऐकलं, कारण तो धीर द्यायला कंटाळत नाही. पण आपण डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल त्या वचनावर हो-नाही ठरवायचं, चिठ्ठ्या टाकायच्या, हे मला पटत नाही. ग्रामसंघातल्या बायकांनी तीन बैठकांत तुझंच नाव घेतलं. हिशोबाची वही तूच नीट ठेवतेस हे बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंनी सगळ्यांपुढे सांगितलं. याहून ओलं फडकं तुला कोणतं हवंय?

पुढे मात्र एक फार सुंदर गोष्ट आहे. बत्तीस हजार माणसं जमली होती. देव म्हणाला, ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं. बावीस हजार गेले. कुणी त्यांना भेकड म्हटलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. याचा अर्थ तुलाही घरी जायची मुभा आहे. सासूबाईंचं खरोखर निभत नसेल, अंगात ताकदच उरत नसेल, तर सरळ नाही म्हण आणि शांत झोप. देव त्यावरून तुला कमी लेखणार नाही, आणि मी तर मुळीच नाही. पण ते तुझं नाही असू दे.

मग पाण्यापाशी पारख होऊन तीनशे राहिले. आणि त्या रात्री देव गिदोनाला काय म्हणतो? तुला खाली जायची भीती वाटत असेल तर आपल्या पुरा नावाच्या गड्याला घेऊन आधी छावणीपर्यंत जा आणि ते काय बोलतात ते ऐक. आणि गिदोन जातो! म्हणजे बावीस हजार भित्रे घरी गेल्यावरही सगळ्यांत पुढचा माणूस घाबरलेलाच होता. खाली अंधारात एक मिद्यानी शिपाई सोबत्याला स्वप्न सांगत होता. जवाची एक भाकर गडगडत आली, तंबूला धडकली आणि तंबू उलथापालथा झाला. जव म्हणजे गरिबाचं धान्य. शत्रूच्या स्वप्नात गिदोन भाकर होऊन आला होता. ते ऐकून त्याने तिथेच नमस्कार घातला. मला ही जागा इतकी आवडते की मी ती आईला तिच्या शेवटच्या आजारात वाचून दाखवली होती, आणि भाकरीपाशी तिने मला पुन्हा वाचायला लावलं होतं.

तेव्हा तूही एक ‘पुरा’ शोध. एकटीने जाऊ नकोस. सचिव म्हणून ती अक्षर चांगलं असलेली पोरगी घे. कोषाध्यक्ष म्हणून तुझ्याशी भांडणारी बाई घेतलीस तर मला अधिक आवडेल.

लढाई कशी झाली ते तुला पाठ आहे, तिथे थांबत नाही. मधल्या पहाऱ्याच्या सुरुवातीला, पहारेकरी नुकतेच बदललेले असताना, मडकी फुटली, मशाली दिसल्या, शिंगं वाजली आणि मिद्यानी एकमेकांवरच तलवारी चालवत पळाले.

पण त्यानंतर एफ्राइमचे लोक भांडायला आले, आणि हा प्रसंग तुझ्या रोजच्या कामाचा आहे. आम्हाला आधी का बोलावलं नाही म्हणून ते हातघाईवर आले. गिदोनाने काय सांगितलं? तुमच्या बागेत शेवटी वेचलेली द्राक्षंसुद्धा आमच्या सगळ्या हंगामाला भारी आहेत, तुम्ही मोठे सरदार पकडलेत, त्यापुढे मी काय केलं? राग उतरला. द्राक्षं काढणाऱ्या मुलखात हे सांगावं लागत नाही, शेवटच्या वेचणीला काय भाव असतो तो. त्याने खोटं सांगितलं नाही, त्यांनी केलेलं त्यांना मोठं करून सांगितलं. कर्ज आधी कोणत्या गटाला आणि नंतर कोणत्या, यावरून तुझ्यापुढे असं भांडण महिन्याला येईल. बोलता येत नाही म्हणतेस. असं बोलायला भाषण कशाला यावं लागतं? समोरच्या बाईने काय केलंय ते तुला ठाऊक असलं की झालं, आणि तुला ते प्रत्येकीचं ठाऊक असतं.

आता जड भाग. हा मी गाळला असता तर तुझी फसवणूक झाली असती. हाच गिदोन पुढे बदलतो. सुक्कोथच्या लोकांनी त्याच्या थकलेल्या माणसांना भाकरी दिल्या नाहीत, म्हणून परत येताना त्याने तिथल्या वडीलधाऱ्यांना काट्यांनी ठेचलं. पनुएलचा बुरूज पाडला आणि माणसं मारली. एफ्राइमपुढे इतका मऊ बोललेला माणूस दुबळ्यांपुढे असा झाला. देवाने त्याला हे सांगितल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही. मग लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर, तुझ्यामागे तुझ्या मुलाने करावं. तो नाही म्हणाला. मी नाही, माझा मुलगा नाही, परमेश्वर राज्य करील. केवढं मोठं उत्तर! आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणाला, पण लुटीतली कानातली कुंडलं तेवढी मला द्या. चादर पसरली. सतराशे शेकेल सोनं जमलं. त्याचा एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून त्याने आपल्या गावात, अफ्रा इथे ठेवला आणि सगळा इस्राएल त्याच्या भजनी लागला. ज्याने बापाच्या दारातली वेदी फोडली त्याच्याच दारात नवी उभी राहिली.

त्याने राजा ही पदवी नाकारली, पण सोनं घेतलं, पुष्कळ बायका केल्या, सत्तर मुलगे झाले. तुझ्याबाबतीत मला भीती वाटते ती पहिल्या दिवसाची नाही, चौथ्या वर्षाची आहे. तेव्हा तुला बोलायला येत असेल, बँकेतले साहेब खुर्ची देतील, आणि ‘ताईंशिवाय पान हलत नाही’ असं बायका म्हणतील. ती चादर पसरलेली असेल. म्हणून आत्ताच, घाबरलेली आहेस तोवर, काही गोष्टी ठरवून घे. समुदाय गुंतवणूक निधी आला की कोणत्या गटाला किती दिला ते दर बैठकीत मोठ्याने वाचायचं, आणि पासबुकही सगळ्यांच्या हातातून फिरवायचं. कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची नाही, घाई कितीही असो, सचिव कितीही सख्खी असो. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्यायच्या. घरच्या कुणाला ग्रामसंघाच्या पैशातून रुपया उसना नाही, मलासुद्धा नाही. आणि मुदत संपली की उठायचं, पुढच्या बाईला आधीपासून शिकवून.

तरीही, इब्री लोकांस पत्रात विश्वासाने जगलेल्यांची नावं येतात त्यात गिदोनाचं नाव आहे. त्याच्या शेवटामुळे देवाने त्याची सुरुवात खोडली नाही. मला याचा आधार वाटतो.

आता नववा अध्याय, ज्यासाठी मी तुला हे सगळं वाचायला सांगितलं. गिदोनाच्या माघारी अबीमलेख नावाच्या मुलाने आपल्या भावांना एकाच दगडावर मारलं आणि शखेमच्या लोकांनी त्याला राजा केलं. सगळ्यांत धाकटा योथाम लपला होता म्हणून वाचला. तो गरिज्जीम डोंगरावर चढला आणि ओरडून त्याने लोकांना एक कथा सांगितली. झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघाली. जैतुनाकडे गेली. ते म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डोलायला कशाला येऊ? अंजिराकडे गेली. ते म्हणालं, माझी गोडी सोडू? द्राक्षवेलीकडे गेली. तीही आपला रस सोडून यायला तयार नव्हती. शेवटी सगळी झाडं काटेरी झुडपाकडे गेली. ते लगेच हो म्हणालं. या, माझ्या सावलीत बसा, आणि बसणार नसाल तर माझ्यातून आग निघेल आणि लबानोनचे गंधसरू जाळून टाकेल.

काटेरी झुडपाला सावली असते का गं?

ही कथा राजेशाहीवरची टीका म्हणून वाचतात, आणि ते बरोबरच आहे. जैतून, अंजीर, वेल यांनी गादी नाकारली यात त्यांचं काही चुकलं असंही कथा म्हणत नाही. डोलणं नाकारावं, मीही म्हणते. पण मी ती वाचते तेव्हा मला आपल्या गावची ती सभा दिसते. पहिली म्हणते माझी म्हैस, दुसरी म्हणते माझी मुलं, तिसरी म्हणते देवानं मला त्यासाठी केलेलं नाही. आणि मागे एकजण तयारच बसलेली असते, कारण तिचा नवरा पतसंस्थेच्या भानगडीतून नुकताच बाहेर पडलाय आणि त्याला गटांच्या खात्यावर डोळा आहे. खुर्ची काही रिकामी राहत नाही. आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत पाऊस दगा देतो तेव्हा त्या खात्यातल्या पैशावर शेळ्या येतात, बोअरचा हप्ता जातो, पोरीची फी भरली जाते. तो पैसा कुणाच्या सहीने फिरतो हा देवाच्या राज्याचाच प्रश्न आहे असं मी मानते.

आणि तुला तर गादी कुणी देतच नाहीये. एक वही, एक शिक्का, एक टेबल आणि महिन्यातून एकदा भांडणं. तेल सोडावं लागणार नाही, त्या तेलासाठीच तर त्या तुझ्याकडे आल्यात. हिशोब चोख ठेवतेस, कुणाचं गुपित बाहेर बोलत नाहीस, रोजावर गेलेल्या बाईचा हप्ता राहिला तर आधी तिच्या घरी जाऊन बसतेस.

बैठकीत उभी राहिलीस की लांबण लावू नकोस. मला भीती वाटते, मी हे काम मुदतीपुरतं करीन, पासबुक दर महिन्याला सगळ्यांनी बघायचं, आणि माझ्याबरोबर अमुक दोघी हव्यात, एवढं म्हण आणि खाली बस. जीभ टाळूला चिकटली तर कागदावर लिहून ने. कागद वाचला म्हणून कुणी अध्यक्षपद काढून घेत नाही.

नाही म्हणायचं ठरलं तरी तसंच उभं राहून म्हण, आणि कारण सासूबाईंचं असेल तर सासूबाईंचं सांग. दोन्हीपैकी काहीही केलंस तरी बैठक सुटल्यावर मला फोन कर. रविवारी उपासनेनंतर मी तिकडेच येणार आहे, तेव्हा जुन्या गटाची वही काढून ठेव, मागच्या वर्षीच्या परतफेडीचा ताळा आपण दोघी मिळून लावू.